घराला शोभेल असा मांगर

परसात अवजारांसाठी एखादी खोली, म्हणजे मांगर, हवी आहे, पण ती घराशेजारी उपरी दिसू नये, असे विचारणारी पत्रे या खेपेला बरीच आली. पाऊस ओसरला की जांभ्याचे चिरेही मिळतात आणि गवंडीही, तेव्हा विचारायची वेळ हीच. निवडक पत्रांना इथे उत्तरे देत आहोत.

आमचे घर चिऱ्याचे, मंगळुरी कौलांचे, आजोबांच्या वेळचे. मागच्या परसात दहा बाय आठ फुटांचा मांगर बांधायचा आहे. गवंडी म्हणतो वर पत्रे घालू, स्वस्तात होईल. घरच्यांना ते पसंत नाही. पत्रे घालूनही घराला शोभेल असे काही करता येईल का?
— एक वाचक, मये

पत्र्यांना आमचा विरोध नाही, पण तुमच्या घरामागे ते शोभणार नाहीत. मांगर घरचा वाटतो तो छपराच्या उतारामुळे. भिंतींचा रंग, दाराची नक्षी हे सगळे नंतरचे. दुरून आधी छप्पर दिसते आणि दोन छपरांचे उतार वेगळे असले की काहीतरी बिनसलेले आहे हे कुणालाही जाणवते, नेमके काय ते सांगता आले नाही तरी. पत्र्याला दहा-बारा अंशांचा उतार पुरतो म्हणून गवंडी तेवढाच देतो, आणि तिथेच जोडी फुटते.

म्हणून पहिले काम, घराचा उतार मोजा. पाणसळीवर एका टोकापासून बरोबर बारा इंचांवर खूण करा. ते टोक वाशाच्या खालच्या कडेला टेकवा, पाणसळ आडवी समतल धरा आणि खुणेपासून वाशापर्यंत सरळ उभे अंतर टेपने मोजा. सात इंच आले तर उतार तीस अंशांचा, सहा आले तर साधारण साडेसव्वीसचा. जो आकडा येईल तोच मांगराला द्या. मंगळुरी कौलांना पंचवीस अंशांच्या खाली जाऊच नका. उतार कमी पडला की वाऱ्याच्या झोताने पाणी कौलाच्या खोबणीतून मागे चढते आणि आत ठिबकते. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर तिरका येतो. हे ध्यानात ठेवले तर पुढचे बरेच निर्णय आपोआप होतात.

आता तुमच्या मापाचा हिशेब करू. आढे दहा फुटांच्या बाजूला समांतर, उतार तीस अंश, दोन्ही पाख्यांची वळचण भिंतीबाहेर दोन फूट आणि त्रिकोणी भिंतींच्या बाजूंना दीड-दीड फूट. आढे भिंतीच्या माथ्यापासून सव्वादोन फुटांहून किंचित वर जाते. एकेका पाख्याची लांबी सात फुटांच्या जवळपास येते, रुंदी तेरा फूट. म्हणजे दोन्ही मिळून एकशे ऐंशी चौरस फूट छप्पर. त्याला सुमारे अडीचशे कौले लागतात. तुटफूट धरून पावणेतीनशे आणा. आढ्यावरची कौले तेरा-चौदा.

इथे एक चूक हमखास होते. भिंत सात फुटांची ठेवली आणि वळचण दोन फूट पुढे काढली की वळचणीची कड जोत्याच्या पातळीपासून पाच फूट दहा इंचांवर येते, कारण छप्पर त्या दोन फुटांत चौदा इंच खाली उतरते. दार त्याच बाजूला, बाहेर उघडणारे आणि साडेसहा फूट उंच केले तर ते वाशांवर आदळते आणि पुरते उघडतच नाही. ही गोष्ट लक्षात येते ती कौले चढल्यावर! दार त्रिकोणी भिंतीत ठेवा. तिथे डोक्यावर जागा असते, उंच वस्तू आत नेता येतात आणि दर्शनी बाजूही तीच देखणी दिसते. ती भिंत पूर्वेला किंवा उत्तरेला आली तर फारच उत्तम.

लाकूड वाळलेले घ्या. किंदळ किंवा माट्टी चालेल, फणसही चालेल. जुन्या माडाचा बाहेरचा काळसर, कठीण भाग वाशांना चांगला, आतला भुसभुशीत गाभा मात्र कशालाच नाही. आढे तीन बाय सहा इंचांचे, दोन्ही त्रिकोणी भिंतींवर टेकलेले. वासे दोन बाय चार, दीड-दीड फुटांवर. कौले अडकवायच्या आडव्या रिपा दोन बाय एक.

रिपांमधले अंतर सुताराच्या अंदाजावर सोडू नका. आणलेल्या कौलांपैकी दहा कौले जमिनीवर एकाखाली एक अडकवा. आधी ताणून, मग दाबून, पहिल्या कौलाच्या खुंटीपासून दहाव्याच्या खुंटीपर्यंत मोजा. दोन्ही मापांची सरासरी काढून नऊने भागा. बहुधा बारा ते साडेबारा इंच येईल. अंतर जास्त झाले तर कौल खालच्यावर नीट बसत नाही, कमी झाले तर तोंड उचलून धरते. पाख्यावर पूर्ण ओळी बसत नसतील तर वळचण दोन-चार इंच वाढवा, कौल कापू नका. सगळ्यांत खालची रीप दुप्पट जाडीची हवी. तिथे कौलाखाली दुसरे कौल नसते, त्यामुळे ती पातळ राहिली तर पहिली ओळ पुढे झुकलेली दिसते.

कौल उलटून पाहा, मागे कारखान्याचे नाव उमटवलेले असते. एका कारखान्याचे कौल दुसऱ्याच्या खोबणीत बसेलच असे नाही. घराची उरलेली जुनी कौले असतील तर ती सगळी एका पाख्यावर, म्हणजे घराकडून दिसणाऱ्या बाजूवर लावा आणि नवी मागे. मिसळून लावली तर ठिगळे दिसतात आणि गळतेही. कडेच्या दोन-दोन ओळी मागच्या भोकातून तारेने रिपांना बांधा, वारा पहिला हात तिथेच घालतो. तुमच्याकडे माकडे येत असतील तर तेवढ्यासाठीही तार उपयोगी.

भिंतीला पंधरा बाय नऊ बाय सात इंचांचे चिरे धरले तर जोत्यावर तीनशेच्या आसपास लागतील. खाणीप्रमाणे माप बदलते, तेव्हा पाच-सहा चिरे स्वतः मोजून मगच सांगा. चिरा पाणी शोषतो आणि वरही चढवतो. म्हणून जोत्याच्या माथ्यावर, भिंत सुरू होण्याआधी, चारही बाजूंनी दीड-दोन इंचांचा जलरोधक मिसळलेल्या काँक्रीटचा थर घाला. दोन दिवसांचे काम वाचवायला गवंडी हा थर गाळतो आणि मग पहिल्याच श्रावणात भिंत गुडघ्यापर्यंत ओली दिसते.

जोते नऊ इंच पुरे, पाणी साचणारी जागा असेल तर दीड फूट. हातगाडी चढवायला उतरंड करणार असाल तर नऊ इंचांना साडेचार फूट लांबी ठेवा. पागोळ्या भिंतीपासून दोन फुटांवर पडतील. तिथे सिमेंटचा ओटा करू नका, थेंब आपटून भिंतीवर उडतात. एक फूट रुंद, सहा इंच खोल चर काढून त्यात खडी किंवा फुटक्या चिऱ्यांचे तुकडे भरा आणि चराला उतार द्या. एका दिवसात शंभर मिलिमीटर पाऊस झाला तर या छपरावरून साधारण चौदाशे लिटर पाणी येते, ते कुठे जाणार हे आधी ठरलेले असावे. माडाच्या आळ्याकडे वळवले तर पावसात त्याचा उपयोग नाही, सरळ वहाळाची वाट दाखवा.

घराच्या भिंतींना गिलावा असेल आणि मागची बाजू उघड्या चिऱ्याची असेल, तर मांगर उघड्या चिऱ्याचाच ठेवा, फक्त सांधे नीट भरून घ्या. पश्चिमेची एकच भिंत गिलावा करून घेतली तरी चालते, ती परसातून कुणाला दिसत नाही आणि मार तिलाच सगळ्यांत जास्त बसतो. आढे घराच्या वळचणीपेक्षा खाली राहू द्या. मांगराने घराशी उंचीत बरोबरी केली की परस लगेच लहान वाटू लागते.

आत आढ्याखाली दोन बांबू आडवे बांधून घ्या. गणपतीवर टांगायच्या माटोळीची चौकट चवथ झाली की वर्षभर ठेवायची कुठे हा प्रश्न प्रत्येक घरात असतो. तिथे ती सपाट राहते, वाकत नाही.

कुळागराच्या कडेला मांगर हवा आहे. भोवताली माड, पोफळी, फणस. नेमका कुठे बांधावा?
— एक वाचक, सावईवेरे

खाली बुंधे बघून जागा ठरवू नका, मान वर करा. माड सरळ वाढलेला क्वचितच असतो. शेंडा ज्याच्यावर, धोका त्याच्यावर. दोरीला दगड बांधून, थोडे दूर उभे राहून, ती शेंड्याच्या सरळ खाली येईल अशी डोळ्यासमोर धरा आणि जमिनीवर खूण करा. दोन वेगवेगळ्या बाजूंनी करा म्हणजे जागा पक्की होईल. नारळ त्या खुणेपासून दोन मीटरांच्या आत पडतो. चुडत, म्हणजे माडाची झावळी, मात्र चार ते सहा मीटर लांब असते आणि वाऱ्यात फिरत येते, पण त्याने सहसा एखाद-दुसरे कौल फुटते, छप्पर बसत नाही. म्हणून खुणेपासून तीन मीटर सोडले तर पुरे. तेवढी जागा नसेल तर नारळ पाडणाऱ्या पाडेलीला वेळच्या वेळी बोलवा आणि पावसाआधी सुकी चुडते उतरवून घ्या.

फणसाखाली नकोच. फळाचे वजन, चीक, वर्षभर पडणारी पाने आणि पानांनी तुंबलेली कौले, सगळेच त्रासाचे. पोफळीची सावली चालते, पण तिथे शेवाळ लवकर धरते.

घरातून पाहताना मांगर तुळशी वृंदावनाच्या मागे येऊ देऊ नका. तुळस नेहमी मोकळ्या आकाशावर किंवा झाडांवर दिसावी. मांगर तिच्या डाव्या-उजव्या हाताला ढकलला की दोन्ही शोभतात.

कुळागरात वाळवी असणारच. पाया खोदताना निघालेली मुळे आणि सेंट्रिंगच्या लाकडाचे तुकडे भरावात टाकू नका, वाळवीला आपणच निमंत्रण देतो. लाकडाचा एकही खांब मातीत गाडू नका, चिऱ्याच्या उंच पायावर उभा करा. वाळवी येते ती मातीच्या नळ्या करून, आणि जोते भोवताली मोकळे असेल तर नळी दिसते. जोत्याला खेटून सरपण किंवा नारळाची सोडणे रचली की दिसत नाही. विहीर जवळ असेल तर पायात औषध फवारू नका, लाकडापुरतेच औषध लावा आणि महिन्यातून एकदा जोत्याभोवती फेरी मारा.

नदीकाठी नवे स्लॅबचे घर आहे. तयार लोखंडी शेड मिळते, ती दोन वर्षांत गंजते असे ऐकले. आणि सपाट छपराच्या घराला शोभेल कशी?
— एक वाचिका, शिवोली

तुमच्या घराला कौलांचा मांगर लावला तर तोच उपरा वाटेल. तुमच्याकडे एकपाखी पत्रा योग्य. घराच्या छज्ज्याची खालची कड ज्या उंचीला आहे, त्याच उंचीला शेडच्या पुढच्या बाजूची आडवी पट्टी आणा. ही एक रेघ जुळली की दोन्ही बांधकामे एकाच हाताने केलेली दिसतात. छपराभोवती उंच कठडा करून पत्रा लपवण्याचा मोह मात्र टाळा. कठड्याच्या आतल्या पन्हळीत पाने साचतात आणि पाणी भिंतीत उतरते.

गंजाबद्दल ऐकले ते खोटे नाही. खाऱ्या वाऱ्यात जस्ताचा थर लवकर झिजतो. पण तयार शेड आधी गंजते ती पत्र्यात नाही, तीन ठिकाणी: स्क्रूच्या भोकाशी, कापलेल्या कडांवर आणि चौकोनी नळीच्या आत. रंग दिलेला अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा घ्या, स्क्रू ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे घ्या आणि ते रबरी वॉशरसह पत्र्याच्या उंचवट्यावर मारा, खळग्यात नको. नळ्यांची वरची तोंडे बंद करा, खाली तळाशी बारीक भोक ठेवा. दोन्ही टोके बंद आणि मध्ये एखादा भेगाळलेला वेल्ड, असे झाले की आत गेलेले पाणी निघत नाही आणि नळी आतून कुजते. बाहेरून रंग ताजाच दिसत असतो. वेल्डच्या जागा घासून इपॉक्सी प्रायमर लावल्याशिवाय रंग देऊ नका. ओले सिमेंट पत्र्याला लागू देऊ नका, थर खाऊन टाकते.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आले तेव्हा किनाऱ्यावर काय झाले ते तुम्ही पाहिलेच असेल. हलकी शेड वाऱ्याने उलटण्यापेक्षा उचलली जाते. चारही कोपरे काँक्रीटच्या तळात पुरलेल्या बोल्टांनी धरा. प्रत्येक खांबाखालचा काँक्रीटचा ठोकळा जमिनीवर सहा इंच येऊ द्या आणि त्याचा माथा चारही बाजूंना उतरता ठेवा, म्हणजे खांबाच्या पायाशी पाणी राहणार नाही.

पावसाचा पत्र्यावरचा आवाज झोपायच्या खोलीपर्यंत येईल. शेड त्या भिंतीपासून जितकी लांब तितकी बरी.

मांगर पक्का आहे, गळत नाही, तरी पावसाळ्यात कोयते गंजतात आणि युरियाचे पाणी होते. खत, पेट्रोलवर चालणारा गवतकापा, विहिरीसाठी ब्लिचिंग पावडर, सगळे एकाच ठिकाणी आहे. खिडकी वाढवू का?
— एक वाचक, काणकोण

खिडकी वाढवून युरिया वाचणार नाही. तीस अंश तापमानात हवेतली आर्द्रता सत्तर-पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की युरिया हवेतलेच पाणी ओढून विरघळू लागतो. जुलैत बाहेरची हवाच त्याहून दमट असते. खिडकीतून येणार ती तीच. युरिया घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिक पिंपात ठेवा आणि हंगामापुरताच आणा. बाकीच्या गोण्या फळ्यांवर, भिंतीपासून सहा इंच दूर ठेवा.

कोयत्यांचा गुन्हेगार बहुधा ब्लिचिंग पावडर. तिच्यातून सुटणारा क्लोरीन लोखंडाला दमट हवेहून वाईट. पिशवी बांधून ठेवली तरी वास येतो ना, मग वायू सुटतोच आहे. ती मांगरातून आजच काढा. दुसरे कारण अधिक गंभीर आहे: ब्लिचिंग पावडर आणि पेट्रोल एकत्र आले तर आग लागू शकते. पावडर वेगळ्या, सावलीतल्या, कोरड्या जागी, मुलांच्या हाताबाहेर ठेवा. पेट्रोलचा कॅन घराला लागून असलेल्या खोलीत नको आणि गवतकाप्याची टाकी पाऊस सुरू होण्याआधी रिकामी करा.

हवा खेळती ठेवायला दोनच झरोके पुरतात, एक पूर्वेच्या भिंतीत खाली, एक त्रिकोणी भिंतीत वर, दोन्हींना बारीक जाळी. जाळीविना साप आणि उंदीर येतात, क्रमाने उलट. अवजारांसाठी बादलीभर कोरडी वाळू घेऊन तिच्यात जुने इंजिन ऑइल जेमतेम ओलसर होईल इतके कालवा. काम झाले की माती पुसून कोयता चार वेळा वाळूत खुपसायचा आणि भिंतीवर टांगायचा. जमिनीवर उभा ठेवलेला कोयता टोकापासून गंजतो.

भाटात छोटासा मांगर बांधायला परवानगी लागते का? शेजारी म्हणतात कच्च्या बांधकामाला लागत नाही.
— एक वाचक, पेडणे

शेजाऱ्यांवर भिस्त ठेवू नका. चिऱ्याची भिंत आणि जोते आले की ते बांधकामच. आधी एक-चौदाचा, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा, उतारा काढून जमीन कशाखाली आहे ते पाहा. शेतजमीन किंवा बागायत असेल तर बिगरशेती वापरासाठी गोवा भू-महसूल संहिता १९६८ च्या ३२ व्या कलमाखाली सनद लागते. नगर नियोजन खाते आणि पंचायतीचा परवाना हे पुढचे टप्पे. कुंपणापासून किती जागा सोडायची ते २०१० च्या बांधकाम नियमांत दिले आहे. समुद्राच्या भरतीरेषेपासून पाचशे मीटरपर्यंतची जागा सीआरझेडमध्ये, म्हणजे किनारी नियमन क्षेत्रात, येते, आणि भरतीचे पाणी जिथवर चढते त्या नद्यांचे काठही. झाड तोडावे लागणार असेल तर १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे वेगळी परवानगी. पंचायत सचिवाचे तोंडी ‘चालेल’ कागदावर घ्या.

मांगराला घराचाच रंग द्यावा का? आणि वेल चढवला तर?
— एक वाचिका, फोंडा

भिंतींना घराचा रंग एक छटा गडद घ्या. तोच रंग दिला तर मांगर डोळ्यात भरतो, कारण नवा गिलावा जुन्यापेक्षा उजळ दिसतो. घराच्या खिडक्यांभोवती पांढरा पट्टा असेल तर मांगराच्या दारालाही द्या, पण दोन इंचांचाच. घराचे चार इंच असतात म्हणून तेवढे दिले तर लहान दार गुदमरते. दाराला मात्र घराच्या खिडक्यांचाच रंग, अगदी त्याच डब्यातला.

वेल भिंतीवर किंवा कौलांवर चढवू नका. मुळे चिऱ्याच्या सांध्यात शिरतात, कोंब कौल उचलतात. भिंतीपासून फूटभर अंतरावर बांबूची ताटी उभी करा आणि तिच्यावर जाई सोडा. दर मे महिन्यात ताटी सोडवून भिंत मोकळी करता आली पाहिजे, म्हणून ती खिळ्यांनी न ठोकता काथ्याने बांधा.